चार्ज देताना

हे बघ तौफीक,
खुर्चीचं एक चाक अडतं, उजवीकडे झुकून बस.
पंखा तीनच्या पुढे नेऊ नकोस,
पावत्या उडून थेट नाना पेठेच्या रस्त्यावर जातात
आणि त्यांच्यामागे धावणाऱ्याकडे
शेठजी नुसते बघत राहतात.

आता फाईल.
पहिली ओळ मथळ्यांची, तिला हात लावायचा नाही.
एका रकान्यात एकच गोष्ट.
‘बेअरिंग दोन डझन उधार सोमवारी देतो म्हणाला’
असं सगळं एका चौकटीत कोंबलेलं होतं माझ्याआधी;
ते सोडवण्यात माझा अख्खा श्रावण गेला.
तारीख पुरी लिही.
तीन एप्रिल की चार मार्च, या घोळात
एकदा दंड भरलाय आपण.

मूळ फाईल म्हणजे लोणच्याची बरणी.
ओला हात घालायचा नाही,
लागेल तेवढं वाटीत काढून घ्यायचं.
‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘फायनल खरंच’
या वाट्या माझ्याच. पुसून टाक.

यवतकर ऑटो, यवतकर स्पेअर्स, यवतकर भोसरीवाले:
तिघे वेगळे समजून
दर दिवाळीला तिघांनाही नुसती डायरी दिली.
बेरीज केली तेव्हा कळलं,
दुकानाचा सहावा हिस्सा
एकटा माणूस उचलत होता, तीन डायऱ्या घेऊन,
एका शब्दाने न बोलता.
आता प्रत्येकाला एक नंबर आहे.

गुरुवारी रेघ खाली बसते, घाबरू नकोस.
भोसरीत त्या दिवशी लाईट नसते.
मधल्या मॅनेजरनं ती रेघ पाहून
गुरुवारची खास सवलत काढली होती,
कुलूप लावलेल्या कारखान्यांना.
आलेखाला भोसरी माहीत नसते. तू जाऊन येत जा.

सरासरी म्हणते, रोज चाळीस पावत्या.
सहा वर्षांत चाळीस पावत्यांचा दिवस
मी पाहिलेला नाही.
असतात वीस, नाहीतर सत्तर.

शेठजींना गोल आलेख आवडतो, रंगीत.
अकरा तुकडे केलेस की त्याची रांगोळी होते.
आडव्या पट्ट्या काढ, मोठीपासून लहान,
आणि सुरुवात शून्यापासून.
बँकेसाठी एकदा मी ऐंशीपासून केली होती:
होतं टेकाड, दिसला सिंहगड.
कर्ज मिळालं. फिटलंही.
तो कागद खालच्या खणात आहे,
कुणाला दाखवायला नाही.
खण उघडताना मला दिसावा म्हणून.

आणि हे, गेल्या ऑगस्टचे चौदा दिवस.
इथे चौकटी रिकाम्या आहेत.
शून्य घालू नकोस.
शून्य म्हणजे दुकान उघडं होतं आणि कुणी आलं नाही.
रिकामं म्हणजे
लिहिणारं कुणी नव्हतं.
मी ससूनला होते, आईच्या खाटेपाशी.
तिथेही पायाशी एक तक्ता टांगलेला,
नर्स तासातासाला टिंब द्यायची,
मागच्या टिंबाला रेघेने जोडायची.
शेवटच्या टिंबानंतर
तिने पेनाला टोपण लावलं.

प्रोग्रॅम विचारेल,
मधल्या जागा अंदाजाने भरू का?
फार अदबीने विचारतो.
नाही म्हण.
रेघ तिथे तुटलेलीच राहू दे,
खाली एक बारीक टीप दे: नोंद नाही.
कारण लिहायची गरज नाही.

बॅकअप शुक्रवारी, दोन ठिकाणी,
त्यातलं एक दुकानाबाहेर.
चहाचे पैसे रोजच्या रोज टाक,
महिन्याचे एकदम आठवत नाहीत कुणालाच.

आणि चाक बदलून घेतलंस
तर खर्च ‘किरकोळ’मध्ये ढकलू नकोस.
‘दुरुस्ती’त लिही.