शेरा

टांगत्या काट्याच्या झोळीत
मी तिला पहिल्यांदा बसलेली पाहिली.
दोन्ही पाय भोकांतून खाली,
मान एका अंगाला, पण वर.
आठ किलो सहाशे. वय तीन वर्षं नऊ महिने.
आकडा लिहिला,
उतरवायला गेले तर हसली.

नाव निहारिका.
टेंभूरदऱ्यात ते कुणाच्या जिभेवर बसत नाही,
म्हणून न्याहारी.
न्याहारी आली का, न्याहारीले आणलं का,
नव्या माणसाला वाटतं
अंगणवाडीत खाण्याचीच चौकशी चाललीय.

तिची माय प्रणिता निंदायला जाताना
तिला गोधडीवर निजवून जायची,
दोन्ही बाजूंनी तांदळाच्या चुंगड्या.
आढ्याकडे पाहून पाहून
त्या पोरीला कवेलू पाठ झाले असतील,
कोणतं फुटकं, कुठून ऊन किती वाजता येतं.

त्या महिन्यापासून मी वजन सावकाश करू लागले.
काटा हलतोय, म्हणायचे,
थांबा, अजून हलतोय.
चंद्रकला मदतनीस समजून गप्प राहायची,
खिचडीखालचं लाकूड जरा मागे ओढायची.
पण काट्याला टांगून
किती दिवस दाखवायचं कुणाला जग?

यवतमाळला दोनदा जाऊन आली तिघं.
कागद मिळाला. पंचाहत्तर टक्के.
परतीच्या बसमध्ये बाप म्हणाला,
"पाह्य, पोरगी फस्क्लासात निघाली."
मग दारव्ह्यापर्यंत खिडकीबाहेर.
तिथल्या बाईंनी एक चित्र दिलं होतं:
मागे दोन फळ्या काटकोनात,
पायांमध्ये खुंटी, पुढे पाट.

ते मी देवमन वाढयाकडे नेलं.
त्यानं उलटं धरलं, सुलटं धरलं.
"मॅडम, हे तं दोन घंट्याचं काम हाय.
इतके वर्स काऊन थांबल्या?"
मी पिशवीत पेन शोधत राहिले.

लाकूड नव्हतं. शाळेचा जुना फळा होता,
चिरलेला, पडवीत पालथा.
त्याचीच पाठ झाली.
आता ती बसली की बाकीची पोट्टी
खुर्चीमागे खडूनं काढतात
ट्रॅक्टर, बकरी,
एक माणूस, त्याला बोटंच फार.
तिला वळून पाहता येत नाही.
आवाज ऐकते.
प्रज्योतचा खडू करकरला की डोळे मिटते,
हर्षिकाचा आला की जीभ बाहेर.

पहिल्याच आठवड्यात एकीनं दारातून सांगितलं,
"माह्या लेकराजवळ नोका बसवू तिले, लागते ते."
मी खुर्ची हलवली नाही,
वादही घातला नाही, भांडी घासायची होती.
शुक्रवारी तिच्याच लेकरानं
न्याहारीची लाळ स्वतःच्या बाहीनं पुसली
आणि ताटली घेऊन रांगेत गेलं.
मी हे तिला सांगितलेलं नाही.

रजिस्टरात रकाने छापून येतात.
चालते का. बोलते का. स्वतः जेवते का.
पर्यवेक्षिका पेन टेकवून विचारते, प्रगती काय लिहू?
खुर्ची काही तिला चालवणार नाही.
प्रणिता हे कधी विचारत नाही,
पोरीला खांद्यावर घेताना
एकदा माझ्याकडे पाहते, तेवढंच.

शेऱ्याचा रकाना बोटभर.
त्यात मी लिहिलं:
आज खिचडीतलं गाजर थुंकलं.
नेम धरून. माझ्या पदरावर.
तीन वेळा.
भात गिळला.