एक छेद दोन हजार

फ्रिजवर भरतीचं वेळापत्रक लावलंय,
रात्रपाळीच्या वेळापत्रकाला खेटून.
सहा बेचाळीस, सात पूर्णांक चार मीटर.
एवढं पाणी चढलं तरच ते उठतात.
किंग्ज लिनच्या वॉर्डातून थेट आले,
गणवेशावरच जाकीट चढवून,
हाताला अजून सॅनिटायझरचा वास.

स्नेटिशमच्या बांधावर आधीच वीसएक माणसं,
तोफा रोखाव्यात तशा लेन्स रोखून.
समोर चिखल, मैलभर नुसता चिखल,
आणि त्याला एक करडी कड.
ती कड म्हणजे पक्षी.
पन्नासेक हजार, खांद्याला खांदा लावून.
पाणी पायाशी आलं की चार पावलं मागे.
आणखी चार.

शेजारी घडीच्या स्टुलावर एरिक मिंडम,
साखर कारखान्यातून निवृत्त.
त्याचा उजवा हात थरथरतो.
औषधाचं नाव मला माहीत आहे, डोसही.
विचारत नाही.
तो थर्मासमधला चहा ओततो,
अर्धा झाकणात, अर्धा गवतात.

पहिल्या दिवशी त्यानंच सांगितलं होतं,
"यांचं नाव नॉट. स्पेलिंग दोरीच्या गाठीचं."
मी म्हटलं, आमच्यात गाठ पडते
म्हणजे भेट होते.
"गाट," तो म्हणाला. मग पुन्हा, जरा जपून,
"गाट."

आणि उठले.
आधी आवाज, ताडपत्री टरकन फाटावी तसा,
मग आभाळभर एकच निरगाठ,
आवळत, आवळत, काळी होत,
आणि कुणी टोक ओढलं कोण जाणे,
ती सुरगाठ निघाली.
पांढरी पोटं, करड्या पाठी, पांढरं, करडं,
डोक्यावरून गेले तेव्हा
कपाळाला गार वारा
आणि टोपीवर टप टप
जे पडायचं ते.

एक छेद दोन हजार.
सेकंदाचा एवढा तुकडा
मी कापत राहिले, तीनशे बारा वेळा.
मग पडद्यावर पाहिलं :
पीस न् पीस वेगळं,
डोळ्यात खसखशीएवढा सूर्य.
सगळं लख्ख, आणि सगळे टांगलेले,
दोरीवर वाळत घातल्यासारखे.
उडत एकही नव्हता.

एरिकनं आपला कॅमेरा पुढे केला.
फराटे. धुरासारखं काहीतरी,
कडेनं गुलाबी.
क्षितिजसुद्धा तिरकं, नागमोडी.
पण त्यातून मला ऐकू आली
ती ताडपत्री.
"एक छेद पंधरा," तो म्हणाला,
"पक्षी हलतो, मीही हलतो."
याला आम्ही फिट्टंफाट म्हणतो,
हे सांगायचं राहून गेलं,

कारण पाणी उतरू लागलं होतं,
लोक तिकाटणी मिटून गाड्यांकडे निघाले होते.
मी चकती फिरवली :
दोन हजार, पाचशे, साठ, पंधरा.
आभाळात एक चुकार बगळासुद्धा नाही.

एरिक स्टूल मिटत होता.
कडी काही केल्या बसेना.
मी दुसऱ्या बाजूनं धरली,
त्याची थरथर लोखंडातून
माझ्या बोटांत आली, मनगटापर्यंत,
आणि कडी बसली.

"सतरा तारखेला मोठी भरती आहे,"
स्टूल काखोटीला मारत तो म्हणाला.
सतराला माझी पाळी आहे की नाही
ते फ्रिजवर.
"गाट?"