ऑइलपॅनच्या तळाशी

पंपावर तो पोरगा बाटली हलवून दाखवत होता.
आत शिसपेन्सिलीच्या भुकटीसारखं काळं-चंदेरी काही
गरगरत होतं, बसायला तयार नव्हतं.
"तेलात टाका. लोखंडावर थर धरते.
तेल आटलं तरी इंजिन धरणार नाही."
साडेचारशे रुपये.
म्हणजे दारव्हा ते नेर, पंधरा सीटा.

घेतली.
काळी-पिवळीचं इंजिन दोनदा उतरलेलं,
आणि डिसेंबरात पहाटे पाचची जी पहिली किल्ली असते,
तेल रात्रभरात खाली गेलेलं, वर सगळं कोरडं,
त्या दोन सेकंदांचा आवाज मला दाढांत ऐकू येतो.
तेवढ्या दोन सेकंदांसाठी घेतली.

डोमाजी मिस्त्री हसला नाही.
"चालत्या इंजिनात लोखंड लोखंडाले शिवतच नाही, भाऊ.
मधात तेल रायते, केसाहून पातळ.
तुह्या भुकटीले तिथं काय काम?"
मग बिडी विझवून, दुसरीकडे पाहत,
"सुरू होताना मात्र… सांगता येत नाही."
हे तो पुन्हा कधी बोलला नाही.

मी वही घातली. तारीख, किलोमीटर, डिझेल, आवाज.
आवाजाच्या रकान्यात: कमी. तसाच. कमी वाटला.
वाटला, वाटला, वाटला.
डिझेल पूर्वीइतकंच.
साडूच्या गाडीत साधं तेल,
पण दर पाच हजाराला न चुकता बदललेलं.
त्याच्याकडे वही नाही. त्याला झोप लागते.

अकरा महिन्यांनी पॅन उतरवला.
तळाशी नखाएवढ्या जाडीचा गाळ,
पूर ओसरल्यावर अडाणच्या डोहात राहतो तसा गुळगुळीत.
फिल्टर कापला, त्याच्या घड्यांतही तेच.
बेअरिंग चांगले होते.
साडूचेही चांगलेच होते.

डोमाजीनं गाळ दोन बोटांत चोळला, बराच वेळ.
"माल खरा हाय," म्हणाला. "जागा चुकली त्याची."
आणि लग्नपत्रिकेच्या तुकड्यानं सगळा खरवडून,
ग्रीसमध्ये कालवून,
मागच्या कमानपाट्यांच्या मधात भरला,
जिथं तेल टिकत नाही, भार मात्र रोजचा,
पाटा पाट्यावर रेटून घासतो.

दुसऱ्या दिवशी लाडखेडच्या खड्ड्यांत
मागून एका म्हातारीनं विचारलं,
"आज गाडी काऊन बोलत नाही गा?"

घरी सांगितलं तर बेबीनंदा म्हणाली, त्यात नवल काय,
पोराच्या पेन्सिलीचं शिस कुटून
मी कपाटाच्या कुलपात दरसाल फुंकते.

दुसरी बाटली घेतली नाही.
तेल वेळेवर बदलतो, वही रद्दीत गेली.
फक्त पहाटे किल्ली फिरवताना
दाढा अजून आवळल्या जातात.
त्या दोन सेकंदांत आत काय होतं
हे पॅन उतरवून दिसत नाही.