घरगुती पत्ता

खाण बंद पडली तेव्हा वजनकाट्यावरचा संगणक
लिलावात मीच घेतला, बाराशे रुपयांना.
आम्ही दोघांनी मिळून किती वर्षं
ट्रक मोजले होते; भरलेले, मग रिकामे.
उघडला तर आत खनिजाची लाल पूड.
रंगाच्या ब्रशने झाडली. पंख्यावरची काही गेली नाही.

वाळपईच्या घरात, कोठीच्या खोलीत,
नारळांची रास आणि सोलांची बरणी यांच्या मधोमध
तो अकरा जणांचं टपाल सांभाळू लागला.
होंड्याचा बाबुसो गावस, दोन बसगाड्यांचा मालक.
मस्कतचा फोंडू. काजू सोसायटी.
आणि कायतान शिंपी, ज्याला कोणीच पत्र लिहीत नाही,
पण पत्ता हवा होता, पाटीवर रंगवायला.
वीज गेली की यूपीएस टिटवीसारखा ओरडायचा
आणि मी जेवणावरून उठायचो.

प्रेमावतीने त्याचा वेगळाच उपयोग शोधला.
ऑगस्टात आमच्याकडे पीठ आंबत नाही.
तिने टोप त्याच्या डोक्यावर ठेवला
आणि सकाळी आंबोळ्यांना जाळी पडली.
"काल टपाल जास्त आलं वाटतं,"
ती म्हणायची, तव्यावर पळी रिती करत.

मग पत्रं परत येऊ लागली.
आधी बँकेकडून, मग सगळीकडून.
कारण इंग्रजीत, दोन ओळींचं. अर्थ एवढाच :
हा पत्ता घरगुती आहे,
घरगुती पत्त्यावरून आलेलं आम्ही घेत नाही.
मी ते तीनदा वाचलं.
चोर म्हटलं असतं तर भांडलो असतो.
घर म्हटलं. त्यावर काय बोलणार?

महिना साडेतीनशे. बांगड्यांच्या दोन वाट्यांना
हल्ली याहून जास्त पडतात.
तेवढ्यात जर्मनीत जागा मिळाली;
जागा म्हणजे यंत्र नव्हे, कुणाच्या तरी यंत्रातला
आखून दिलेला, मानलेला तुकडा.
शेजारी कोण राहतं कळत नाही,
कान लावायला भिंतच नाही.
आमच्याकडे मुंडकारसुद्धा
पायाखालच्या जमिनीवर हक्क सांगू शकतो.
माझं भाडं थकलं तर मी एका रात्रीत पुसला जाईन.
"वीज जाते तिथे?" प्रेमावतीने विचारलं.
"नाही."
"आणि पाऊस?"
ते मी बघितलं नव्हतं.

शनिवारी रात्री अकराला नक्कल सुरू केली.
बाबुसोची विमा कंपनीशी भांडणं,
फोंडूने आईला पाठवलेले मुलीचे फोटो,
सोसायटीचे दर, दर वर्षीचे, पडलेले;
कायतानच्या पेटीत एकच पत्र,
मीच धाडलेलं : चाचणी.
मध्ये एकदा वीज गेली. टिटवी. मी धावलो.
जिथे तुटलं तिथून पुन्हा.
पहाटे चारला आमचं नाव नव्या आकड्याकडे वळवलं.
जगाला हे कळायला वेळ लागतो. दोन दिवस
काही पत्रं जुन्याच दाराशी येऊन उभी राहिली,
मी त्यांना आत घेत होतो, पुढची वाट सांगत होतो.

तिसऱ्या दिवशी कोणी आलं नाही.
बँकेला लिहिलं. गेलं!
मिनिटभरात उत्तर : आपलं पत्र मिळालं,
कृपया या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.

मी बटण दाबलं. पंखा थोडा वेळ
आपल्याच जोरावर फिरला.

रात्री प्रेमावतीने सवयीने टोप तिथेच ठेवला.
मी पाहिलं आणि बोललो नाही.
सकाळी तिने झाकण काढलं, पुन्हा लावलं.
रस्त्यावर पोदेराचा भोंगा वाजला.
"चार उंडे घे," ती म्हणाली.