पवित्र्यांची वही

वाघ मी पहिल्याच पानावर खोडला.
वाघ सगळ्यांकडे असतो.
शिवाय वाघाच्या पवित्र्यात उभा राहिला की अंबादास
खेळायच्या आधीच जिंकल्यासारखा दिसतो,
मग फासे कोण टाकणार?

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात
रात्रपाळीला मी गठ्ठे मोजतो.
रद्द झालेल्या चलनांच्या पाठकोऱ्या बाजू शिवून वही केलीय,
पलीकडून डझनांचे आकडे उमटतात तिच्यात.
तिथे एक राज्य वसवतोय.
तलवारीला बंदी. माणसं जनावरांकडून लढाई शिकतात.

घोरपडीचा पवित्रा:
पोट भुईला, बोटं भिंतीच्या फटीत.
खर्च दोन श्वास.
कुणी कितीही ओढलं तरी हलवता येणार नाही,
पण एक डावभर स्वतःलाही हलता येणार नाही.
रेवणसिद्ध म्हणाला, हा तर आमच्या भावकीचा पवित्रा.

टिटवीचा:
पंख मोडल्याचं सोंग घ्यायचं,
लंगडत लंगडत शत्रूला अंड्यांपासून लांब न्यायचं.
डॅमेज शून्य.
मुबीन वैतागला, शून्याची विद्या कोण शिकणार?
म्हटलं, ज्याच्या पाठीमागे काहीतरी ठेवलेलं आहे तो.
फार छान बोललो असं वाटलं मला.
कुणीच शिकलं नाही.

लांडग्यानं अडीच रात्री खाल्ल्या.
नान्नजच्या माळावर एकदाच पाहिलाय,
मे महिना, सकाळचे सहा, मोटरसायकल बंद करून.
लढत नव्हता तो. बघत होता.
बघून झाल्यावर निघाला,
पळाला नाही, चालत गेला,
वाळलेल्या कुसळी गवतात गवताच्याच रंगाचा होत होत.
याला किती पॉइंट लावायचे?
शेवटी लिहिलं:
लांडग्यासमोर उभा राहणारा खुशाल फासा टाकेल,
पण आधी आपण का भांडतोय
ते मोठ्यानं सांगेल.
पहिल्याच खेळात मुबीन इतका वेळ गप्प बसला
की चहा आला.

माळढोकाचं पान मोकळं आहे.
अट तेवढी लिहिलीय:
ज्यानं पाहिलाय त्यालाच हा पवित्रा शिकता येईल.
आमच्यात तसा कुणीच नाही.
वनखात्यात हंगामी लागलेला रेवणसिद्धचा मेव्हणासुद्धा
पाटीवरचाच ओळखतो.
मग ठेवलास कशाला, अंबादास विचारतो,
पान वाया जातंय.
जाऊ दे.

आम्ही खेळतो अंबादासच्या घरी, विडी घरकुलात,
रविवारी, पाणी भरून झाल्यावर.
नरसव्वामावशी उंबऱ्याशी, मांडीवर सूप.
पान, तंबाखू, वळ, नखानं तोंड मिट, दोरा.
इतके दिवस वाटायचं तिचं आमच्याकडे लक्ष नाही.
त्या दिवशी मान वर न करता म्हणाली,
मला पण घ्या की.

चौघंही सरकलो.
मी वही उघडली, टिटवी वाचून दाखवली,
मावशीला टिटवी शोभेल असं माझं मीच ठरवून.
"वाघ न्हाई का?"
"खोडलाय, मावशी."
"का?"
मी बॅलन्सचं सांगितलं,
की एकजण फार जड झाला तर बाकीच्यांना मजा राहत नाही,
की वाघ म्हणजे जरा सोपाच विचार,
की आपल्याकडे वाघ आहेत कुठे.
तेवढ्यात तिच्या तीन विड्या बांधून झाल्या.
"मंग खोडलेला दे की."

पहिलं पान काढलं.
रेघ जाड होती, पण खालचा वाघ वाचता येत होता.
खर्चाच्या रकान्यात काय लिहू कळेना.
उभं राहावं लागतं मावशी, अंबादास म्हणाला, पवित्र्यात.
ती उठली नाही.
फासे सुपातच टाकले तिनं,
तेंदूच्या पानांवर, आवाजसुद्धा झाला नाही.

वाकून बघितलं आम्ही.
सहा आणि पाच,
तंबाखूनं माखलेले.