पाठ

दुखतं कुठे, हे तिनं विचारलंच नाही.
विचारलं, हालगेर, सकाळी पडदा कोण उघडतं?
मी म्हणालो, नोव्हेंबर सरल्यावर इथे पडद्याला अर्थ नसतो.
सूर्य रजेवर. बारेंट्स समुद्र आणि आभाळ
यांच्यामधली शिवणसुद्धा दिसत नाही.
ती म्हणाली, ते मला ठाऊक आहे. मीही इथेच राहते.
पण उघडतं कोण?

कोणी नाही.

मग विचारलं, जेवतोस कसा. बसून की उभ्यानं?
एकतीस वर्षं मी मासळीच्या कारखान्यात क्रेन चालवली,
टनभर कॉड वाऱ्यात अधांतरी तोलून धरला,
आणि हा एवढासा प्रश्न
मला उचलेना.
उभ्यानं, म्हणालो. ओट्याशी. डब्यातूनच.
रात्री दोनला.

माझे वडील आख्खा हिवाळा
भिंतीकडे तोंड करून निजायचे.
आई शेजाऱ्यांना सांगायची, पाठ धरलीय त्यांची.
आमच्या घरात मनाला शब्दच नव्हता,
सगळं पाठीवर जायचं.
मीही तेच सांगायला आलो होतो. पाठ.
डॉक्टर मारेत एल्लेननं पाठ तपासली,
नीट, हात गरम करून.
म्हणाली, पाठ ठणठणीत आहे. आता बाकीचा हालगेर दाखव.

गोळी दिली तिनं. ती मी आजही घेतो,
न्याहारीनंतर, कॉडलिव्हर तेलाच्या चमच्याशेजारी,
आणि दोन्हींची लाज सारखीच, म्हणजे नाही.
पण चिठ्ठी उलटी करून
मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:
खुर्ची. ताट. अकरा वाजता बाहेर.

अकरा वाजता इथे अर्धा तास
सगळं निळं होतं, शाईत पाणी ओतल्यासारखं.
पहिल्या दिवशी मी कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलो.
दुसऱ्या दिवशी गेलो नाही.
त्यानंतर कधीतरी धक्क्यापर्यंत,
तिथून, वारा पाठीशी होता म्हणून, जाळ्यांच्या शेडपर्यंत.
परत यायला वारा तोंडावर.
त्या रात्री सलग पाच तास झोपलो
आणि जागा झालो तो घाबरून,
की मध्ये काय काय झालं असेल.

मोबाइल आता रात्री बुटात असतो,
बूट दाराबाहेरच्या पडवीत.
मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही उचलत नाही.
मी म्हणतो, दुपारी कर ना, दुपारी मी असतो.
हे वाक्य मी कितीतरी वर्षांत म्हटलं नव्हतं.

ख्रिसमसच्या आधी नऊ दिवस सगळं सुटलं.
खुर्चीवर कपड्यांचा ढीग, ताट सिंकमध्ये,
मी भिंतीकडे तोंड करून.
भिंतीवरचा कागद ओळखीचा वाटला.
दहाव्या दिवशी दारावर थाप:
शेडमधली बोर्गिल्ड, वय एक्याऐंशी, हातात बटाटे.
म्हणाली, तुझ्या गाठी सगळ्या सुटल्यात,
ये आणि नीट मार. लोकांना मासे धरायचेत.
बरा आहेस का, असं काही नाही.
बटाटे तिनंच उकडले. खुर्ची रिकामी केली मी.

तेव्हापासून मंगळवार आणि गुरुवार.
शेडमध्ये सहाजण, कधी चार.
बोलणं फारसं नसतं. आयस्टाइनचा गुडघा,
डिझेलचा भाव, कुणाची मांजर.
गाठ मारायला शिकता शिकता
माणसांची गाठ पडते, एवढंच.
बरं वाटतं का, असं मारेत एल्लेन विचारते तेव्हा
मी म्हणतो, भूक लागते.
ती ते लिहून घेते.

जानेवारीत, ज्या दिवशी तो परत येतो,
अख्खं गाव टेकडीवर चढलं, पोरांना शाळेला सुट्टी.
मी शेडमध्ये होतो. बोर्गिल्डशी वाद चालला होता,
दोरा डावीकडून की उजवीकडून.
ती एकदम गप्प झाली, माझ्या खांद्यावरून पाहत राहिली.
मी वळलो नाही, बोटांत गाठ अर्धी होती.

पाठीवर काहीतरी कोमट आलं.