हिल व्ह्यू

बोरस्ते म्हणाले, सकाळी साडेनऊला जा,
तेव्हा ऊन थेट सोफ्यापर्यंत येतं.
पोहोचले, तर सोफ्यावर जुनी चादर
आणि चादरीवर तूरडाळ वाळत घातलेली.

राणेनगर, चौथा मजला, लिफ्ट आहे,
चालू असली तर.

खैरनार काकूंना म्हटलं, जरा बाजूला होता का?
त्या हॉलमधून बेडरूममध्ये गेल्या,
मी बेडरूममध्ये, तर त्या किचनमध्ये,
किचनमध्ये गेले तर बाथरूमच्या दारात,
हातात डाळीचं सूप,
आपल्याच घरात लपंडाव खेळत असल्यासारख्या.

सोळा एमएमच्या लेन्समधून
दहा बाय बाराची खोली
मंगल कार्यालयासारखी ऐसपैस होते.
कडेला खुर्ची असली की तिचे पाय ताणले जातात,
म्हणून खुर्च्या आधी बाहेर.
मग गॅस एजन्सीचं कॅलेंडर, मग औषधांचा डबा.
छताची ओल मी रात्री घरी बसून पुसते,
माउसने.
एका कोपऱ्याला साधारण सात मिनिटं.

किचनच्या खिडकीत समोरच्या बिल्डिंगची टाकी.
काळी, हजार लिटरची, झाकणावर वीट.
फोनवर बोरस्तेंचा मेसेज: हिल व्ह्यू पाहिजेच.
आता पाहिजेच म्हणजे पाहिजेच.
ओट्याखाली एक लाकडी स्टूल होतं.
चढले, हात छताकडे ताणले,
आणि टाकीवरच्या विटेच्या वर
पांडवलेणीचा डोंगर आला फ्रेममध्ये,
सबंध.
हायवेचा आवाजही येत होता, पण तो फोटोत येत नाही.
उतरताना उगाच इकडेतिकडे पाहिलं,
दुसऱ्याच्या कुंपणातला पेरू तोडल्यासारखं.

‘प्रशस्त टू बीएचके, हवेशीर, हिल व्ह्यू,
पाण्याची चिंता नाही.’
खाली चौकशीसाठी नंबर पडला तो चुकून माझा.
चार दिवसांत अकराशे तीस जणांनी पाहिलं,
सेहेचाळीस जणांनी बदाम दाबला,
अकरा फोन आले,
त्यातले नऊ एजंटांचे.

उरलेल्या दोनांतले एक, चांदोरीचे गडाख,
नवराबायको दोघं आले.
मी त्या दिवशी रील काढायला गेलेले.
त्याच्या एका हातात टेप, एका हातात मोबाइल,
भिंत बघायचा, मग भिंतीचा फोटो बघायचा.
‘फोटोत मोठं वाटत होतं.’
मी चपलांच्या रॅककडे बघत राहिले.

मोनाली गडाख किचनच्या खिडकीशी.
टाचा उंचावल्या तिने.
टाकी.
अजून थोड्या उंचावल्या.
वीट.
‘डोंगर कुठंय?’
बोरस्ते खोकले, आणि ओटा पूर्वेला कसा
ते सांगायला लागले.

काकूंनी ओट्याखालून स्टूल ओढलं,
पदराने पुसलं.
‘यावर चढा. मी पण इथूनच बघते.
कुकर लावला की तिसरी शिट्टी होईस्तोवर.
बावीस वर्षं झाली आता.’

चढली ती.
समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी झोडपत होतं.
गडाखांची टेप सर्रकन आपोआप आत गेली.
बराच वेळ ती वरच.
मग न वळताच म्हणाली,
‘स्टूल सोबत मिळेल का?’

व्यवहार झाला, पावणेदोन लाख कमी करून.
कागदावर पंखे चार, गीझर एक, ट्यूबलाइट पाच,
आणि तळाशी बोरस्तेंच्या तिरप्या अक्षरात
स्टूल (लाकडी), नग १.
मला फोटोंचे आठशे मिळाले.
रीलचे अजून यायचेत.

जाहिरात कुणी काढलीच नाही.
परवा सिन्नरहून एकाचा फोन,
‘मॅडम, डोंगर खरंच दिसतो का?’
म्हटलं, ते घर गेलं हो.
तरी त्याने फोन ठेवला नाही.
दिसतो, म्हटलं.
चढलं तर.